एक चीज

अच्युत खांडेकरला छंद लागायला वेळ लागत नसे आणि सुटायला तर त्याहून कमी. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून बासरी आली नि गेली, बोन्साय वाळलं, जर्मन भाषा पहिल्याच धड्यात नमस्कार करून निघून गेली. म्हणून त्याने घरी वाइन आणि चीज करायचं जाहीर केलं, तेव्हा बायको, सरोजिनी, नुसती हसली. त्याचा शाळेतला दोस्त, महूचा निवृत्त फौजी देवेंद्र, मिशीला पीळ देत म्हणाला, "अच्युत भिया, जिंदगीत एक चीज तरी संपवून दाखव! दाखवलीस तर ही मिशी साफ. फौजी की जुबान."

मिशी तीस वर्षांची होती. अच्युतला ते बोलणं फार लागलं. या वेळी काहीही होवो, माघार नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

बडा गणपतीच्या देवळाजवळच्या त्याच्या घरात अडचण एकच, कुमुदिनी आत्या. वय ब्याऐंशी, एकादशीला चहासुद्धा वर्ज्य. तिच्या नाकाखाली दारू? महिनाभर बरणीत फसफसलेली वाइन गाळून बाटलीत भरल्यावर अच्युतने वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवली, 'द्राक्षासव', आणि बाटली औषधांच्या फळीवर मुरत ठेवली. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश होता की आठवडाभर शीळ घालत हिंडला.

पंधरा दिवसांनी, रविवारी, देवेंद्रला चाखायला बोलावलं. आदल्या दिवशी अच्युतने खास विरजण लावलेलं दही मलमलच्या फडक्यात बांधून नळाला टांगलं. सकाळी मीठ-मिरी घातली की चीज तयार. नेमकी मिरी संपलेली. तो दुकानात जाऊन आला, तर फडकं धुऊन दोरीवर वाळत होतं.

"यातलं कुठंय?" त्याचा आवाज चिरकला.

"चक्का ना? श्रीखंड केलं. देवेंद्र येतोय ना," आत्या म्हणाली. ती स्टुलावर चढून वेलचीचा डबा काढत होती, वर गुणगुणतही होती. गुडघ्यांपायी वर्षभर पाटावर न बसलेली आत्या! अच्युत फळीकडे धावला. बाटली रिकामी.

"ते आसव होय? दोन चमचे, समभाग पाणी, दोन्ही जेवणांनंतर. गुण छान आला हो!"

तेवढ्यात देवेंद्र आला. पुऱ्यांबरोबर तीन वाट्या श्रीखंड रिचवून त्याने हात झटकले. "क्या बात है! चल, आता निकाल तेरी चीज."

अच्युतला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. "चीज तुझ्या पोटात गेली. वाइन आत्याच्या गुडघ्यांत."

"म्हणजे भिया फिर हारला!" देवेंद्र खदखदून हसला.

"हरला कसा?" आत्याने बाटली देवेंद्रच्या तळहातावर उपडी धरली. थेंब पडला नाही. मग श्रीखंडाचं चाटूनपुसून लख्ख झालेलं पातेलं पुढे सरकवलं. "तूच म्हणालास ना, एक चीज संपवून दाखव? बघ. संपली की नाही?"

देवेंद्रचा हात आपोआप मिशीकडे गेला. फौजी की जुबान! सरोजिनी दाढीचं सामान घेऊन उभीच होती. हसून हसून तिच्या हातातला मग हिंदकळत होता.

अच्युतलाही हसू आवरेना. तेवढ्यात आत्याने त्याला हळूच बाजूला घेतलं. "अच्युता, आसवाचं बूच असं फटकन उडत नसतं. पहिल्या चमच्यालाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू सोडून दिलं असतंस." तिने त्याच्या हातात थैली दिली. "पुढच्या खेपेला गोड जरा कमी कर."

दुसरी खेप! अच्युतच्या कुठल्याच छंदाला आजवर ती लाभली नव्हती. त्याने चपला सरकवल्या आणि द्राक्षं आणायला निघाला. मागून अर्ध्या मिशीचा देवेंद्र न्हाणीघरातून ओरडला, "भिया, दोन बाटल्या लाव!"