काल्यातली पपई

कोपरीच्या देवळात काल्याचं कीर्तन संपलं, बुवांनी हंडी फोडली आणि ऐश्वर्याने दोन्ही तळवे पुढे केले. दही, लाह्या, लोणचं, घराघरातून आलेली फळं, सगळं एकात एक. काल्यात निवडानिवड नसते. घास गिळला आणि मग तळव्यावर उरलेली केशरी फोड तिला दिसली.

पपई!

डोंबिवलीच्या दवाखान्यात तिच्या पोटात गर्भ सोडलेला. तो रुजला की नाही, ते रक्ततपासणीत कळायचं होतं. मागची खेप वाया गेली होती.

"खाल्लीस?" शेजारच्या सरोजकाकूंनी तोंडावर हात ठेवला. "अगं, आमच्या भावजयीने अशीच..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

तिच्या सासूबाई रखमाबाई आवराआवरीला देवळातच थांबलेल्या. ऐश्वर्या एकटी घरी आली ती नुसती फिरत राहिली. स्वयंपाकघर, गॅलरी, पुन्हा स्वयंपाकघर. पोटात जरा ओढलं की बाथरूम. शेवटी तिने दवाखान्यातल्या उत्तरा सिस्टरना फोन लावला.

"कच्ची की पिकलेली?"

"पिकलेली."

"मग कशाला घाबरता? कच्ची, चिकाची नको म्हणतो आम्ही. पण फळं धुतलेली होती ना? आधी कापून उघडी ठेवलेली नकोत, सांगितलेलं. ताप, जुलाब वाटले तर लगेच कळवा."

एक भूत उतरलं, दुसरं बसलं. काल्यातली फळं कोणी धुतली, हे कोण विचारतं!

रखमाबाई आल्या तशी ती दारातच म्हणाली, "आई, काल्यात पपई कोणी घातली?"

"मीच."

"तुम्ही? घरात मला पपईचा वास घेऊ देत नाही तुम्ही!"

"देवाच्या नावाने आलेली, टाकू कशी? पण दाबून बघितली हो, चांगली पिकलेली होती. आणि काल्यात पडल्यावर ती पपई राहते होय गं?"

"आणि चिरली कोणी? कधी?"

"मीच, सगळी फळं. नीट धुऊन, ऐन हंडीच्या वेळेला. तू हात पुढे करणार, ठाऊक होतं ना मला! बाया हसल्या, म्हणाल्या, रखमा, वर्षाचं कीर्तन सोडून नळाखाली काय बसलीस?" त्या खुर्चीत टेकल्या. "पेंद्याचं आख्यान राहिलं बघ ऐकायचं."

ऐश्वर्या त्यांच्या पायाशी बसली.

"मी सांगते. पेंद्या शिदोरी लपवत होता. शिळी भाकर होती ना, लाज वाटत होती त्याला..."

सांगता सांगता ती अडखळली. पोटात पुन्हा ओढलं होतं. तिचा गुडघा हलायला लागला.

रखमाबाईंनी गुडघ्यावर हात दाबून धरला.

"हं. मग देवाने काय केलं? सांग पुढे."