फाट्यावरचा बोर्ड

समतानं कॅमेरा घेऊन चार महिने झाले होते आणि त्यातले तीन महिने तिनं नुसते फोटो वाया घालवले होते. वस्तीतली पोरं उन्हात उभी केली, की कपाळ पांढरंफटक आणि डोळ्यांच्या जागी काळ्या खाचा. घरात बसवली, की चेहरा हललेला. मग एक दिवस तिच्या ध्यानात आलं, माणूस दारात बसवला तर उजेड एका बाजूनं हळूच चेहऱ्यावर उतरतो, अन् डोळे नीट टिपले की बाकीचं आपोआप जमतं.

त्याच आठवड्यात शंकरराव सोयाबीनच्या थ्रेशरवरून घरी येत होते. नात्यानं ते तिच्या वडिलांचे चुलते. भुवयांवर कुटाराचा भुसा, डोळे धुळीनं लाल, गालावर घामाचे ओघळ.

"आबा, थांबा! दारात बसा जरा."

"अंग धुतो वं पोरी. पांढरा सदरा घालतो."

"नाही नाही, असंच राहू द्या. असंच मस्त दिसून राह्यलं."

आबा बसले. तो समताचा पहिला खरा फोटो. चिखलीला अविनाशच्या दुकानात तिनं तो मोठा छापून घेतला. अविनाश फोटोही काढायचा, फ्लेक्सही छापायचा. कॅमेरा कसा धरायचा हे त्यानंच तिला शिकवलं होतं. "एक नंबर आलाय," तो म्हणाला, तेव्हा एसटीत घरी येईपर्यंत तिला बसायला जागा मिळाली नाही याचंही काही वाटलं नाही.

वीस दिवसांनी वस्तीजवळच्या उंद्रीच्या फाट्यावर बोर्ड लागला. 'दारू सोडवा. पिणाऱ्याला न सांगता. खात्रीशीर औषध.' एका बाजूला गुळगुळीत दाढी केलेला, हसरा कुणीतरी, खाली लिहिलेलं 'नंतर'. दुसऱ्या बाजूला शंकरराव. खाली 'आधी'.

शंकररावांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. तीस वर्षांमागं वस्तीतली गावठीची भट्टी बायांना सोबत घेऊन त्यांनी स्वतः फोडली होती, त्यापायी डोकं फोडून घेतलं होतं. त्याच माणसाला आता बाजारात एकानं विचारलं, "काय शंकरराव, सुटली का मग?"

पौर्णिमेच्या वंदनेला आबा विहारात गेले नाहीत. त्यांची बायको केसरबाई समताच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय केलं वं तू माह्या माणसाचं? सांग. काऊन केलं?"

"आजी, मी नाही दिला तो फोटो..."

"काढला कोनं? कॅमेरा कोनाचा हाये?"

पहिली मिळाली त्या जीपनं समता चिखलीला गेली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तिनं त्यांच्यादेखतच विचारलं.

"छापायला दिलेला फोटो तुमचा झाला का, दादा?"

अविनाश हसला. "बस आधी. चहा घे. अगं, त्या औषधवाल्यांना खरा चेहरा पाहिजे होता. नेटवरचे सगळे नकली वाटतात."

"ते दारू पीत नाहीत!"

"कोण ओळखतं गं खेड्यातल्या म्हाताऱ्याला? आणि चेहराच तसा आहे. पाहिला की पटतं."

'चेहराच तसा.' सत्तर वर्षं उन्हात राबलेला चेहरा या माणसाला दारुड्याचा दिसला होता.

"बोर्ड काढा. आत्ता."

"तीन महिन्यांचं काम घेतलंय. तसा नाही निघत. मेहकरातही लावलेत दोन. तू नवीन आहेस, धंद्यात एवढं मनावर नसतं घ्यायचं."

ती परतली ती सरळ आबांकडे. ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिनं सगळं सांगितलं. आबांनी मान वळवली नाही.

"मी अंग धुतो म्हनलो होतो," एवढंच बोलले.

केसरबाईनं कोपऱ्यातला विळा उचलला. "चाल."

फाट्यावर बाजाराची गर्दी होती. पानटपरीवाल्यानं शिडी द्यायला आढेवेढे घेतले; केसरबाईनं विळ्यासकट हात पुढं केला, तशी शिडी निघाली. समता वर चढली. फ्लेक्स चिवट होता, विळा अडकत होता, तळहाताला फोड आले, तरी ती फाडत राहिली. अख्खा बोर्ड खाली आला.

"पोलिस केस होईन बरं बाई," कुणीतरी म्हणालं.

"होऊ दे," केसरबाई ओरडली. "माहंच नाव सांगजा. अन् हेही सांगजा, या मानसानं दारूची भट्टी फोडली व्हती. कोनी पाह्यलं त्याले दारू पेताना? कोन बोलला सुटली म्हनून? या इथं, पुढं या!"

कुणी पुढं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या अकरा बाया अविनाशच्या दुकानात जाऊन बसल्या. केसरबाई त्याच्याच खुर्चीत. त्यानं आधी आवाज चढवला, मग पोलिसांचं नाव काढलं. समता म्हणाली, "बोलवा. फोटो माझा आहे, चेहरा आबांचा. तुमचं काय आहे त्यात, ते त्यांना सांगा." मग त्याचा आवाज उतरला. संध्याकाळपर्यंत मेहकरातले दोन्ही बोर्ड उतरले. कॉम्प्युटरमधला फोटो त्यानं समतासमोर पुसला, आणि ती निघताना म्हणाला, "तुला इथं काम मिळणार नाही आता."

"नको," ती म्हणाली.

शंकरराव पुढच्या पौर्णिमेला विहारात गेले. समताशी मात्र ते महिनाभर बोलले नाहीत. शेवटी तीच एका सकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली, कॅमेरा घरी ठेवून, रिकाम्या हातानं.

"आबा, मी तुमचं ऐकलं नाही. माझं चुकलं."

"हाव," आबा म्हणाले, "चुकलंच." आणि गायीला वैरण टाकायला उठून गेले.

समता बसून राहिली. अविनाशवरचा राग अजून गेला नव्हता, पण या एका शब्दासमोर तो तिला कुठंच पुढं करता येईना.