चौथी वाटी

आबांना जाऊन आठवडा झाला नव्हता आणि घरात दही लागेना. बनुआत्यानं विरजण बदलून पाहिलं. सकाळी पातेल्यात पुन्हा दूधच.

"त्याचा जीव गायीत आडकलाय," आत्या म्हणाली. "मच्छिंद्रा, उद्या घोडेगावच्या बाजारात घालून ये तिला."

ती गाय आबांनी कालवडीपासून वाढवलेली. मला एका जागी बसवेना. आत-बाहेर करत गोठ्यात गेले, तर खुंटीवर घुंगरांशेजारी लाल चिंधी.

"ही कुणी सोडली?"

"म्या," चुलतभाऊ मच्छिंद्र म्हणाला. "घरात सुतक, अन् गाय नवरीवानी नटून हुबी ऱ्हाईल व्हय, ताई?"

चिंधी नटण्यासाठी नव्हती. पशुवैद्यकीय संशोधन करणाऱ्या डॉक्टरांचा गावात प्रयोग चालू होता आणि आबांनी आपली गाय त्यात दिली होती. दगडी, म्हणजे कासेची सूज, झालेल्या सडात क्लॉक्सासिलिन या औषधाची ट्यूब सोडायची, औषध दुधात किती दिवस उतरतं ते पाहायचं. तोवर शिंगाला लाल चिंधी. म्हणजे त्या सडाचं दूध ओतून द्यायचं. कासेतले काही जंतू साध्या पेनिसिलिनलाच मोडून टाकतात, हे औषध मात्र त्यांना मोडत नाही, असं आबांनी मला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं. गेले त्या सकाळीही ते गोठ्यातूनच, आपल्या हातानं ट्यूब सोडून आले होते.

"आत्या, चिंधी सुटली अन् औषधाच्या सडाचं दूध घरच्या दुधात आलं. ते औषध विरजणातले जंतूही मारतं. म्हणून दही लागत नाही."

"पुस्तकं वाचून बापाचा जीव कळतो व्हय गं?"

मी संध्याकाळी चार सडांची धार चार वाट्यांत वेगळी काढून घेतली. तापवून, कोमट करून आत्यापुढे ठेवली. "विरजण तुझ्याच हातानं घाल."

सकाळी आत्यानं एकेक वाटी तिरकी केली. तीन घट्ट. चौथीतलं दूध काठापर्यंत धावलं. तिनं बोट बुडवून पाहिलं.

"कंचा सड?"

"मागचा उजवा."

मच्छिंद्र दावं हातात घेऊन दारात उभा होता. "मंग बाजाराचं कसं?"

"गप ऱ्हा," आत्या म्हणाली. "आदी ती चिंधी बांध."

मी रजा वाढवली. रोज संध्याकाळी त्या सडाच्या दुधाला विरजण लावायचं, सकाळी झाकण काढायचं. दूध पातळ दिसलं की खड्ड्यात ओतून यायचं. ओतताना हायसं वाटायचं. हे कुणाला सांगितलं नाही. दिवसभर मात्र गोठ्यापासून चुलीपर्यंत येरझाऱ्या.

आज वाटी तिरकी केली. काहीच हललं नाही.

"लागलं की गं!" आत्यानं दोन्ही हात जोडले. "सोड आता चिंधी."

गायीनं मान खाली घातली. गाठ आबांची नव्हती, मच्छिंद्रानं मारलेली, सैलच होती. तरी मला ती सोडवेना.