बारा खांबांचा ताडगोळा

दिवाळी सरता सरता पारूनं ओटीलगतची खोली भाड्यानं दिली, आणि होळीपर्यंत तिला कळून चुकलं की आपण खोली दिली नाही, आपल्या दुपारीच देऊन टाकल्या.

सरावलीत त्या वर्षी घराघरांतून अशा खोल्या निघत होत्या. तारापूरला समुद्राकाठी विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि कुठकुठल्या मुलखांतली माणसं पत्र्याच्या ट्रंका घेऊन बोईसरच्या फलाटावर उतरत होती. नगरकडचा बन्सी त्यातलाच. सकाळी कामगारांच्या ट्रकात चढायचा, तो दिवेलागणीला सिमेंटनं पांढरा होऊन उतरायचा. त्याची बायको साखरबाई. ती आली त्या दिवशी पारू मदतीला म्हणून डोकावली, तर ट्रंकेतून भांडी निघाली चार आणि लोकर निघाली ढीगभर. लाल, हिरवी, पिवळी, जांभळी. जमिनीवर गुंड्या गडगडल्या तसा शेणानं सारवलेल्या त्या खोलीचा रंगच पालटला.

पारूचा नवरा कमलाकांत गवताच्या वखारीवर मुकादम होता. रात्री जेवताना ती त्याला म्हणाली, "ह्या उकाड्यात लोकर कोणाला घालणार ही? तुमच्या वखारीतल्या बैलांना?" कमलाकांत खो खो हसला. त्या लोकरीवरनं पारू हसली ती तेवढीच.

कारण विणकाम म्हटलं की पारू, हे सरावलीपासून बेटेगावापर्यंत ठरून गेलेलं होतं. तिची क्रोशाची सुई कमलाकांतनं सायकलच्या तारेची घासून केलेली, टोकाला बारीक आकडा. दोरा मात्र पालघरच्या बाजारातला, सफेद, एका जातीचा. दुसरा ती हातात धरत नसे. कुठल्याही पोरीच्या लग्नात रुखवत मांडलं की बाया लाडू-करंज्यांवरनं नजर फिरवत आणि वर टांगलेल्या तोरणाशी येऊन थांबत. "पारूच्या हातचं," असं कोणीतरी म्हणायचं, आणि पारू पदर सारखा करत दुसरीकडे बघायची.

ते तोरण ताडगोळ्यांचं. एकेका ताडगोळ्याला तीन डोळे, ताडाचं फळ कापल्यावर दिसतात तसेच, एकमेकांना खेटून बसलेले. कित्येक बायांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं, घरी जाऊन करून पाहिलं; कोणाचा डोळा वाटीसारखा आत वळायचा, कोणाचा पापडासारखा फुलायचा. पारूसारखा सपाट बसायचा नाही. कारण बाकीच्या आकड्यांनी मोजत आणि भलत्याच जागी मोजत. पारू मोजतच नसे. ती ओवी म्हणायची. ओठांतल्या ओठांत, दुसऱ्याला नुसती गुणगुण वाटावी अशी:

ताड माझा उंच गं,
गोळे त्याला तीन,
एक ठेवीन बायडीला,
दोन वाटीन.

एक शब्द, एक खांब, म्हणजे एक उभा टाका. सुईवर दोरा घ्यायचा, खाली खुपसायचा, वर ओढायचा, शब्द संपला की खांब उभा. बारा शब्द, बारा खांब, आणि एक डोळा पुरा. अशी तीनदा ओवी म्हटली की ताडगोळा झाला.

ओवीतली बायडी ही तिच्या बहिणीची लेक. बहीण गेली तेव्हा पोर दीड वर्षाची होती. पारूच्या पोटी मूल नव्हतं. रडून रडून दमलेल्या पोरीला मांडीवर हलवता हलवता, हातातली सुई चालू ठेवता ठेवता, ती ओवी आपोआप जुळून आली होती. त्या पोरीचं आता वैशाखात लग्न होतं. शिरगावचं स्थळ, चांगली वाडी, माणसं तोंडावर बोलणारी.

आणि ही बायडी रोज दुपारी साखरबाईच्या खोलीत जाऊन बसायची.

आधी दार उघडं असायचं. मग लोटलेलं असायला लागलं. तांदूळ निवडताना पारूच्या कानावर आतलं हसू यायचं. ती सुपातल्या खड्यांकडे बघत राहायची आणि खडे तसेच तांदळात राहायचे. गल्लीतल्या बायाही तिकडेच. साखरबाईनं कोणाच्या बाळाला टोपडं करून दिलं, कोणाच्या आरशाला लाल झालर लावून दिली. पैसे घेत नव्हती, वर चहा पाजत होती. नवसीसारखी नवसी, जिच्या दोन्ही पोरींची रुखवतं पारूनं सजवली होती, ती पारूच्या अंगणातनं जाताना सांगून गेली की ह्या नगरवालीच्या हाताला काय सफाई हाय, बघायला पायजे. पारूनं बघितलंही. साखरबाई धुणं वाळत घालायला गेली असताना कोनाड्यातलं एक फूल तिनं उलटं करून पाहिलं. उलट्या बाजूलाही एक गाठ दिसत नव्हती. पारूच्या छातीत काहीतरी उभं राहिलं ते दिवसभर खाली बसलं नाही.

रात्री तिनं कमलाकांतला विचारलं, पोरगी एवढं काय बोलते त्या बाईशी. कमलाकांत म्हणाला, जाणाऱ्या पोरीला बोलू दे चार दिवस. ह्यानं पारूचं समाधान व्हायचं सोडून भलतंच झालं. चारच दिवस उरलेत, तर ते माझे का नाहीत?

त्यात रुखवताची गोष्ट. ह्या भागात रुखवताच्या मधोमध एक वस्तू नवरीच्या हातची लागते. मुलाकडच्या बाया ती उचलून, उलटीपालटी करून बघतात. आता सगळ्यांच्याच आया-मावश्या ती करतात आणि पोरींच्या नावावर खपवतात, हेही सगळ्यांना ठाऊक. पारूनं मनाशी धरलं होतं की बायडीचं तोरण आपण करायचं, अकरा ताडगोळ्यांचं, आजवर कोणाला केलं नाही असं. बायडीला विणता येत नव्हतं. दहा वर्षांची असताना तिनं सुई धरली होती, तेव्हा पारूनंच हातातनं काढून घेतली. "तुझा हात जड हाय गं, राहू दे," असं म्हणाली होती. तिला आठवतही नव्हतं ते.

चैत्रात एका सकाळी साखरबाई ओटीवर आली. हातात दोरा, तोही सफेद, पारूच्याच जातीचा.

"ताई, एक मागू का? तुमच्या ताडगोळ्याची मोजणी सांगता का मला? मी लोकरीवाली. बारीक दोऱ्यातलं मला काय बी उमगत न्हाई."

पारूच्या डोळ्यांपुढे सगळं लख्ख उभं राहिलं. बायडीचं तोरण ही करणार. मांडवात शिरगावच्या बाया विचारणार, कोणाच्या हातचं, आणि नवसी पुढे होऊन सांगणार, नगरवालीच्या. वीस वर्षं मांडीवर वाढवलेली पोर आणि वीस वर्षं ओठांत जपलेली ओवी, दोन्ही एकाच दारानं जाणार.

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणणं म्हणजे भ्याल्याचं कबूल करणं. पारू गोड हसली. बसा म्हणाली. मग स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटावं इतक्या सहजपणे तिनं ओवी सांगितली:

ताड माझा उंच गं,
गोळे त्याला तीन,
एक देवाला, एक गावाला,
एक येणाऱ्या जाणाऱ्या पाव्हण्याला.

"एक शब्द, एक खांब," पारू म्हणाली. ते मात्र खरं सांगितलं. शब्द झाले पंधरा. तीन खांब जास्त. डोळा बसायचा नाही, कडेनं लाटा उठणार. साखरबाईनं दोनदा म्हणून घेतली, हात जोडले आणि गेली. पारूनं सुई उचलली, पण त्या दिवशी तिचा स्वतःचाही ताडगोळा नीट झाला नाही.

पाच दिवस गेले. पारू कान देऊन होती. खोलीतलं हसू थांबलं होतं. पहिल्या दिवशी तिला त्याचं बरं वाटलं, दुसऱ्या दिवशीही. बायडी जेवायला यायची ती खाली मान घालून, डावा हात पदरात. काय झालं म्हणून विचारलं तर काय नाय म्हणायची. फसलं त्या बाईचं, म्हणून पोरगी हिरमुसली, असा पारूनं अर्थ लावला. म्हणजे एवढी माया त्या बाईवर. तिची जळजळ निवायची ती आणखी वाढली.

सहाव्या दिवशी कमलाकांतनं खरे ताडगोळे आणले. पारूला निमित्त सापडलं. चार ताडगोळे पानात घेऊन तिनं साखरबाईचं दार ढकललं. बघायचं होतं तिला, त्या सफाईदार हातांची फजिती एकदा डोळ्यांनी बघायची होती.

साखरबाई भिंतीशी टेकून लाल लोकरीचे गोंडे बांधत होती. सुई होती बायडीच्या हातात. तिच्या भोवती उसवलेल्या दोऱ्याची वेटोळी पडली होती, उसवून उसवून मळलेली. गुडघ्यावर एक ताडगोळा होता, कडा सगळ्या लाटांसारख्या वरखाली. आणि बायडी पुटपुटत होती, एक येणाऱ्या, जाणाऱ्या, पाव्हण्याला.

पारू उंबऱ्यातच उभी राहिली.

साखरबाई ओशाळली. म्हणाली, पोरीनं शपथ घातली होती सांगू नका म्हणून. नवरीच्या हातचं म्हणजे खरंच नवरीच्या हातचं पायजे, मावशीला मांडवातच दाखवायचं, असं हिच्या मनात. "पण बसंना झालंय बघा. मी म्हणलं, ताईची ओवी चुकायची न्हाई, तुझाच हात चुकतोय. पाच दिस झालं, उसवतीय आन् विणतीय."

बायडीनं मान वर केली नाही. डाव्या हाताच्या मधल्या बोटावर, सुईचं टोक लागतं तिथं, कातडी सोलून निघाली होती.

"मावशी, तू माझ्यावर रागावलीस?" तिनं विचारलं.

"मी का रागावू?"

"मला ती झोपेची ओवी वाटायची. मोजणी हाय ते ठाऊक नव्हतं. पण माझं नाव होतं तिच्यात. आता देवाला दिलास, गावाला दिलास, पाव्हण्याला पण दिलास. मला काढलंस."

ताडगोळ्यांचं पाणी पानातून पारूच्या मनगटावर ओघळत होतं. पोरीला खांबांचं काही कळलंच नव्हतं. तिला फक्त नाव गेलेलं कळलं होतं. सुटायची वाट समोरच होती: तू आता सासरची, म्हणून बदलली ओवी. पोरगी रडली असती, गळ्यात पडली असती, आणि तोरण तेवढं बिघडलेलं राहिलं असतं. शब्द पारूच्या जिभेवर आलेही. पण त्या बोटाकडे बघत ते बोलवेनात.

"ती ओवी खोटी हाय," ती म्हणाली. "तीन शब्द जास्त घातले मी, मुद्दाम. साखरबाईंचं बिघडावं म्हणून. तुझ्या हातात सुई हाय ते मला काय ठाऊक?"

साखरबाईनं हातातला गोंडा खाली ठेवला, गाठ पुरी करून ठेवला.

"एवढं भ्याला व्हय ताई मला?" ती म्हणाली. रागानं म्हणाली की हसून, ते पारूला त्या वेळीही कळलं नाही आणि पुढेही कधी विचारता आलं नाही.

"भ्याले," पारू म्हणाली.

बायडीनं सुईत दोरा घेतला. "खरी म्हण," एवढंच बोलली. आवाजात धार होती.

पारू खाली बसली. वीस वर्षं ओठांत ठेवलेली ओवी पहिल्यांदा मोठ्यानं, दुसऱ्या बाईच्या देखत म्हणायची होती. प्रत्येक शब्द अंगावरचा दागिना काढून द्यावा तसा निघत होता. ताड, माझा, उंच, गं. सुई खाली, सुई वर. गोळे, त्याला, तीन. एक, ठेवीन. पुढच्या शब्दाला सुई अडली. बायडी थांबून बघत राहिली. पारूनं तो शब्द म्हटला, आणि खांब उभा राहिला. दोन, वाटीन. डोळा तळहातावर सपाट बसला.

"हात जड नाय तुझा," पारू म्हणाली. "घट्ट हाय. घट्ट चांगला." असा दोरा घट्ट ओढणारा हात साखरबाईचा होता, पारूचा नव्हे. तेही तिच्या लक्षात आलं, आणि लागलंही.

वैशाखात मांडवात रुखवताच्या मधोमध तोरण टांगलं. दहा ताडगोळे सपाट, अकरावा लाटांचा. तो बायडीनं उसवू दिला नाही. खाली लाल लोकरीचे गोंडे. शिरगावच्या एका म्हातारीनं तोरण उलटं करून पाहिलं, अकराव्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा असा का?

"तो पाव्हण्याचा," नवरी म्हणाली. म्हातारीला काही उमगलं नाही. भिंतीशी उभ्या असलेल्या साखरबाईनं तोंडाला पदर लावला. पारूनं खाली बघितलं.

मग बाया गोंड्यांकडे वळल्या. असे गच्च, टपोरे गोंडे ह्या भागात कोणी पाहिले नव्हते. कोणाचे, कोणाचे, असं झालं आणि नवसीनं पुढे होऊन सांगितलंच. पारूच्या छातीतलं ते जुनं उभं राहणारं पुन्हा उभं राहिलं. गेलं नव्हतंच ते कुठे.

वऱ्हाड गेलं. रुखवत गेलं, पोरगी गेली. मांडवाखाली उन्हं कलली तरी पारू ओटीवरनं उठली नाही. शेजारी साखरबाई येऊन बसली. पारूनं खोलीच्या दाराकडे बघत, आपल्याला काही पडलेलं नसल्यासारखं विचारलं,

"साखरबाई, त्या गोंड्याला वेढे किती घेता?"

"चाळीस," साखरबाई म्हणाली.

पारूनं मान डोलावली. चाळीस खरे की खोटे, ते करून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. ती उठली आणि लोकर मागायला साखरबाईच्याच खोलीत शिरली.