खोडलेल्या ओळींचे गुण

आमच्या लेखनाच्या मॅडमना सगळे 'खोडरबर' म्हणायचे, कारण अख्ख्या विद्यापीठात खोडाखोडीला गुण देणाऱ्या त्या एकट्याच. निबंध त्यांनी दिलेल्या ऑनलाइन फाइलमध्येच टाइप करायचा. ती फाइल पक्की चहाडखोर. कुठलं वाक्य कधी आलं, कधी उडालं, सगळं लक्षात ठेवायची, आणि मॅडम ते सिनेमासारखं पुन्हा चालवून बघायच्या. पन्नासातले पंचवीस गुण शेवटच्या मजकुराला, पंचवीस तिथवर पोचायच्या धडपडीला. निबंध लिहून देणाऱ्या एआय मशीनची मदत खुशाल घ्या, पण कुठे घेतली ते खाली लिहा, एवढीच अट.

मी या विषयात दोनदा आपटले होते. ही तिसरी आणि शेवटची संधी. वीस गुण पडले नाहीत तर पदवी गेली, आणि पदवीवाचून अडलेली ग्रंथालयातली नोकरीही गेली. मग मी कसल्या अटी पाळतेय!

विषय होता 'घरातला एक आवाज'. मशीनने दोन मिनिटांत गुळगुळीत निबंध काढून दिला: 'ध्वनी हे स्मृतींचे प्रवेशद्वार आहे...' तो तसाच चिकटवला असता तर फाइलने चुगली केली असती. म्हणून मी युक्ती काढली. आधी एक बावळट वाक्य लिहायचं, जरा घुटमळायचं, मग ते खोडून तिथे मशीनचं वाक्य हाताने टाइप करायचं. धडपडच धडपड! मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

पण बावळट वाक्यं आणायची कुठून? मशीनला मागितली, तर तीही इस्त्री करून आलेली. शेवटी मीच बसले. 'बाबा सकाळी गुळण्या करतात तेव्हा वरच्या मजल्यावरचं बाळ दचकून रडतं.' खोडलं. 'आई म्हणते, मी माणसाशी लग्न केलं की पंपाशी?' खोडलं. मला एकटीलाच हसू फुटत होतं. मग लिहिलं की बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि पाच आठवडे न्हाणीघर गप्प होतं. एका सकाळी तो घरघराट पुन्हा ऐकू आला, तेव्हा आईने गॅस बंद केला, "झालं यांचं सुरू!" म्हणाली आणि स्टुलावर बसून रडली. हे खोडताना जिवावर आलं. तरी खोडलं, तिथे 'मौनालाही स्वतःचा ध्वनी असतो' असं बसवलं आणि फाइल पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी मॅडमचं बोलावणं आलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. वाक्यं येत होती, जात होती.

"गंमत सांगू?" त्या म्हणाल्या. "लोक वाईट खोडतात आणि बरं ठेवतात. तू बरोब्बर उलटं केलंयस. एकदाही चुकली नाहीस."

मी स्क्रीनवरची नजर टेबलावर आणली.

"ठेवलंस ते कुणाचं?"

"मशीनचं."

"खाली लिहिलं नाहीस."

"नाही, मॅडम."

"मग मजकुराला शून्य." त्यांनी लगेच लिहिलंसुद्धा. "आता धडपड. ती खोटी होती ना?"

"हो."

"किती दिवस लागले?"

"चार."

"मशीनचं तसंच्या तसं उतरवून खाली एक ओळ खरी लिहिली असतीस तर तासाभरात मोकळी झाली असतीस. असल्या मजकुरावर नापासही झाली असतीस, ते सोड." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "फसवायला केलीस, पण केलीस तूच. धडपडीला एकवीस."

एकवीस! म्हणजे पास, तेही एका गुणाने. मी पटकन उठले, न जाणो त्यांचं मन बदलायचं.

"थांब. सोमवारी हा निबंध वर्गात वाचायचा. खोडलेला."

"हो, मॅडम."

"आणि बाबांचा घसा आता कसा आहे?"

येताना मी दहा प्रश्नांची उत्तरं पाठ करून आले होते. हा त्यांत नव्हता. माझे डोळे एकदम भरून आले.

"ठणठणीत," मी नाक पुसत म्हणाले. "बाळ अजून रडतंय."