घमेल्याची हाक

निजाम चाबूकस्वाराला मोठ्या माणसाशी वागायची रीत नाही, हे सिंधुबाईंनी पहिल्याच दिवशी ताडलं होतं. त्याला आता तीन महिने होत आले, पण मत बदलावं असं त्यांना काही दिसलं नव्हतं.

माणूस दारात आला की आधी राम राम घालतो, पाणी घेतो, पोराबाळांची चौकशी करतो. हा गडी आला तो थेट गोठ्यात शिरला. घोडीचे चारही खूर उचलून बघितले, ओठ वर करून दात बघितले, मानेवरून हात फिरवत ‘बेटा, बेटा’ करत पाऊण तास तिच्याशीच गुलूगुलू बोलला. सिंधुबाई चहाची कपबशी घेऊन उभ्या. चहावर साय धरली. मग कुठे तो वळला आणि पहिलं वाक्य काय बोलला, तर "मावशी, हिला बिघडवली कोणी?"

"हिला वाढवली मी," सिंधुबाई म्हणाल्या.

"तेच विचारतोय," निजाम म्हणाला, आणि सायीसकट चहा एका घोटात संपवला.

घोडीचं नाव शेवंता. पंचकल्याणी; चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, बाकी अंग चिंचोक्यासारखं तकतकीत. चार दिवसांची होती तेव्हा तिची आई पोटशुळानं गेली. सिंधुबाईंनी तिला शेळीच्या दुधावर, बाटलीनं जगवलं. पुढे मोठी झाल्यावर रोज संध्याकाळी बांधावर उभं राहून त्या घमेल्यावर उलथनं वाजवायच्या आणि हाक द्यायच्या, "ये गं बाय, ये." की शिवाराच्या कुठल्याही टोकाला असलेली शेवंता चौखूर उधळत यायची आणि सिंधुबाईंच्या छातीपासून हातभर अंतरावर खुंट ठोकल्यासारखी थांबायची. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला हा सोहळा दाखवला जायचा. "अशी माझी सूनबी माझ्या हाकेला येत नाय," हे वाक्य उज्वलाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात व्हायचं.

घोटाळा एवढाच, की गावच्या यात्रेतली शर्यत पळण्याची नव्हती. ती रेवाल चालीची. घोड्यानं वेगानं जायचं, पण उधळायचं नाही. पाय एका लयीत असे पडले पाहिजेत, की वर बसलेल्याच्या हातातलं भरलं फुलपात्र हिंदकळू नये. पंच मोटरसायकलवरून बाजूनं चालतो, त्याची नजर घोड्याच्या पायांवर. घोडं एकदा चौखूर सुटलं की बाद.

गेल्या वर्षी शेवंतावर दीपक बसला होता. सिंधुबाईंचा हा थोरला अंबडच्या कारखान्यात नोकरीला. शनिवारी येणार, रविवारी घोडीवर बसणार, सोमवारी पाठ धरून कामावर जाणार. तरी घोडी बरी चालली होती. पण शेवटच्या टप्प्यात सिंधुबाईंना राहवलं नाही. त्यांनी घमेलं घरून आणलंच होतं. "ये गं बाय, ये!"

शेवंता सगळ्या घोड्यांना मागं टाकून पहिली आली. घटकाभर सिंधुबाई जिंकल्याही होत्या. त्यांनी शेजारणीच्या डोक्यावर गुलालसुद्धा टाकला. मग पंचानं लाल फडकं दाखवलं. आणि त्यांचे चुलत दीर जयराम, ज्यांचा काळा घोडा चार वर्षं हलला नव्हता पहिल्या नंबरावरून, ते मिशीत हसून म्हणाले, "वहिनी, शर्यत चालीची होती. तुमी मनमाडची गाडी सोडली." त्या दिवसापासून सिंधुबाईंनी जयरामच्या घरचं पाणी सोडलं होतं. यंदा घोडी जिंकलीच पाहिजे, नाहीतर पुन्हा यात्रेला पाऊल टाकणार नाही, असं त्या देवापुढे बोलून बसल्या होत्या.

म्हणून दीपकनं मनमाडचा निजाम शोधला. बापापासून घोडी शिकवायचा धंदा. त्याच्या अटी दोन. घोडी तीन महिने माझ्याकडे राहील. आणि मावशींनी तिकडे फिरकायचं नाही.

"घोडी माझी का त्याची?" सिंधुबाईंनी दीपकला विचारलं.

"घोडी तुझीच, आई. चाल त्याची."

यात्रेला अठरा दिवस उरले तेव्हा सिंधुबाईंचा धीर सुटला. गुळाची ढेप पिशवीत टाकून, कोणाला न सांगता त्यांनी मनमाडची एसटी धरली. निजामचं घर रुळांच्या पलीकडे, शेवटच्या वस्तीत. घरामागं लांबलचक मोकळं रान, कडेनं लिंबाची झाडं. एका झाडाआड उभं राहून त्यांनी बघितलं आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली आली.

रानाच्या टोकाला दुसरीच एक सिंधुबाई उभी होती. तीच हिरवी साडी, तसाच डोक्यावरून घट्ट पदर, हातात घमेलं. साडी तर नक्कीच त्यांची. दिवाळीपासून ती सापडत नाही म्हणून त्यांनी उज्वलाला महिनाभर बोलून घेतलं होतं. आणि ती दुसरी सिंधुबाई घमेलं वाजवून ओरडत होती, "ये गं बाय, ये. त्या जयरामच्या घोड्यात काय हाय, नुसती चरबी हाय. ये गं माझी वाघीण."

शेवंता येत होती. उधळत नव्हती, येत होती. जमिनीवरून कुणी पाट ओढत आणावा तशी सरळ, आणि वर निजाम, एका हातात लगाम, दुसऱ्या तळव्यावर पाण्यानं भरलेलं फुलपात्र. पाणी हलत नव्हतं. सिंधुबाईंना स्वतःचा राग आठवेना. आपली घोडी इतकी देखणी आहे हे त्यांना ठाऊक होतं. इतकी शहाणी आहे हे नव्हतं.

तेवढ्यात वारा फिरला. शेवंतानं मान वळवली, लिंबाकडं बघितलं, आणि फुलपात्र उडालं. लगाम, निजाम, तीन महिने, सगळं घेऊन घोडी चौखूर आली आणि सिंधुबाईंच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबली. गरम श्वास त्यांच्या तोंडावर.

"बघितलंस?" सिंधुबाईंचे डोळे भरले होते. "विसरली नाय मला."

निजाम भिजलेल्या सदऱ्यानं खाली उतरला. आधी घोडीचे पाय चाचपले.

खोट्या सिंधुबाई, म्हणजे निजामची बायको जैतुनबी, पदर सावरत आल्या. "मावशी, राग मानू नका. दीपकभाऊनी साडी दिली, बोलणं शिकवलं."

"मी असं बोलते?"

"याच्याहून जास्त. मी निम्मं गाळलं." त्यांनी सिंधुबाईंना बाजेवर बसवलं. "घोडी तुमच्यावर जीव टाकते. पण जीव टाकणाऱ्यालाबी सांगावं लागतं, बाबा, दमानं ये. मी यांना तीस वर्षं तेच सांगते."

निजाम सदरा पिळत म्हणाला, "खोट्या मावशीवर चालणार नाही हे. खरीच लागेल. उद्यापासून या. पण मी सांगेन तसं करायचं."

"मला सांगणारा अजून जन्मायचाय."

"मग नका येऊ."

रुळांवरून मालगाडी निघाली. छप्पन्न डबे धडधडत गेले आणि शेवंतानं कान हलवला नाही. दिवाळीत लवंगी फटाक्यानं खुंटा उपटणारी घोडी. सिंधुबाईंनी ते बघितलं.

"मी सांगितल्यापरमाणं वागले," त्यांनी हळूच विचारलं, "तर मग ती परत कधीच धावत येणार नाय का माझ्याकडं?"

घोडी जिंकण्याइतकंच हेही त्यांना हवं होतं, आणि ते कुणाला कळू नये असंही.

निजामनं पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट बघितलं. "खोगीर पाठीवर असलं की रेवाल. खोगीर उतरलं की ती तुमची. मोकळी असताना पळू द्या की, मावशी. घोडी कशाला झाली मग?"

"किती वाजता येऊ?" सिंधुबाई म्हणाल्या.

काम ऐकायला सोपं होतं. घमेलं वाजवायचं. शेवंता चालीनं आली तर भाकरीचा तुकडा. उधळली तर तिच्याकडं पाठ फिरवायची आणि एक शब्द बोलायचा नाही. आता सिंधुबाईंनी आयुष्यात खूप जणांकडे पाठ फिरवली होती, पण जाताजाता एक वाक्य टाकल्याशिवाय कधीच नाही. पहिल्या दिवशी सात वेळा पाठ फिरवावी लागली. घोडी मागून खांद्याला नाक लावायची, ढुशी द्यायची, फुरफुरायची. सिंधुबाई पदराचं टोक दातात धरून समोरच्या रुळांकडं बघत राहायच्या. "सावकाश वाजवा," निजाम घोडीवरून सांगायचा. "घाई तुम्हाला आहे, तिला नाही." शाबासकी तर त्याच्या तोंडात नव्हतीच.

सातव्या दिवशी शेवंता उधळायच्या बेतात आली, तिला सिंधुबाईंचा खांदा वळताना दिसला, आणि तिनं पाय सावरले. पुन्हा चालीवर आली. त्या दिवशी भाकरीबरोबर गूळही निघाला, आणि निजाम दुसरीकडं बघत राहिला. रोज शेवटी खोगीर उतरायचं, जैतुनबी चहा टाकायच्या, सिंधुबाई मनसोक्त हाक द्यायच्या आणि घोडी धूळ उडवत यायची.

यात्रेच्या दिवशी सकाळी जयराम फेटा बांधून हजर. "वहिनी, घमेलं आणलंय का? का यंदा थेट स्टेशनातच थांबताय?"

"भाऊजी, तुमच्या घोड्याला जरा कमी खाऊ घाला," सिंधुबाई म्हणाल्या. "पोट अन् मिशी मालकाची शोभते, घोड्याची नाय."

पाच घोडे सुटले. माळावर धूळ उठली. सिंधुबाई शेवटच्या खुणेपलीकडं उभ्या, शेजारी दीपक, मागं दोरीला टेकून जयराम. काळा घोडा पुढे. शेवंता दुसरी, दोन हात मागं. निजाम तिच्यावर असा बसला होता जणू घरच्या ओट्यावर बसलाय. अर्धा माळ संपला तरी अंतर तेवढंच.

मग निजामनं ठरल्याप्रमाणे डावा हात वर केला.

सिंधुबाईंनी घमेलं वाजवलं. सावकाश. "ये गं बाय, ये."

शेवंताचे कान उभे राहिले. तिनं पाऊल लांबवलं, आणखी लांबवलं, आणि काळ्याच्या मानेला मान भिडवली. पंचाची मोटरसायकल अगदी जवळ आली. आणि तेवढ्यात सिंधुबाईंना दिसलं ते फक्त त्यांनाच दिसलं असतं: घोडीच्या छातीवरची कातडी थरारली. आता उधळणार.

वर्षभर ज्या घटकेची वाट बघितली, त्या घटकेला सिंधुबाईंनी शर्यतीकडं पाठ फिरवली.

"आई, अगं बघ की," दीपक म्हणाला. त्यांनी पदराचं टोक दातात धरलं. समोर जिलबीचं दुकान, पाळणा, आणि जयरामचं तोंड. मागं टापांचा आवाज; तो तुटतोय का, एवढंच त्या ऐकत होत्या. टप टप टप टप, पाट ओढल्यासारखा सरळ. त्या जयरामच्या तोंडाकडं बघत राहिल्या. आधी त्यांच्या भुवया वर गेल्या. मग तोंड उघडलं. मग मिशी, चार वर्षं पीळ दिलेली ती मिशी, हळूहळू खाली आली.

सिंधुबाईंनी शर्यत जिंकलेली बघितली ती अशी. मग खांद्याला ओलं, गरम नाक लागलं.

गुलाल उडाला, हलगी सुरू झाली. दीपकनं आईला उचलायचा प्रयत्न केला आणि पाठ धरली. पंचांनी मानाचा फेटा मालकिणीच्या हातात दिला. निजाम उतरला होता. लोक मिठ्या मारायला धावत होते, त्यांना कोपरानं बाजूला सारत त्यानं खोगिराचा पट्टा सैल केला, चारही खूर उचलून बघितले आणि मानेवरून हात फिरवत ‘बेटा, बेटा’ करत राहिला. सिंधुबाई फेटा घेऊन मागं उभ्या. जयराम आले, "वहिनी, चाल बाकी झकास," म्हणाले. सिंधुबाईंनी मान डोलावली आणि त्यांच्या घरी पाणी प्यायला येईन असं कबूल केलं. पण जागा सोडली नाही.

बऱ्याच वेळानं निजाम वळला. "मावशी," तो म्हणाला, "पाठ जरा उशिरा फिरवली."

सिंधुबाईंनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पहिल्या दिवशी जे मनात म्हणले तेच आजबी म्हणते, निजाम. तुला मोठ्या माणसाशी वागायची रीत नाय. पण मला गप बसवणारा तू पहिला. माझ्या मालकाला ते चाळीस वर्षांत जमलं नाय. पुढच्या वर्षीबी घोडीवर तूच बसायचं. आता मान खाली कर, फेटा बांधते. आन् ती हिरवी साडी राहू दे जैतुनबीला, तिला शोभती."