पाच नंबरचा दगड

मी बर्फावर टेकतो ती कडा जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आहे. माझे वजन एकोणीस किलो आणि घेर एखाद्या मोठ्या पातेल्याएवढा. पण माझे पोट खोलगट आहे आणि बर्फाला लागते ती फक्त ही अरुंद, गोल कडा. मी सरळ जाणार की वळणार, थांबणार की पुढे सरकणार, हे तिच्यावर ठरते. माझ्याशी खेळणाऱ्या बहुतेकांनी ती कधी पाहिलेली नाही. मला उलटे करण्याची तसदी ते घेत नाहीत. दोष देण्याची मात्र घेतात.

मित्रांनो, मी कर्लिंगच्या खेळातला एक जुना दगड आहे. तुमच्याकडे मंद माणसाला 'दगड' म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्याचे मला काही वाटत नाही. मी माणसे फार जवळून पाहिली आहेत.

माझा जन्म एका ज्वालामुखीत झाला. तापलेला रस हळूहळू निवत गेला आणि त्याचे बारीक, घट्ट कण एकमेकांत रुतून बसले. स्कॉटलंडजवळच्या एका बेटावर मी स्वस्थ पडून होतो. तिथे फक्त समुद्रपक्षी होते आणि ते माझ्याविषयी काही मत देत नसत. मग माणसे आली. त्यांनी मला कापले, गोल केले, आरशासारखे घासले आणि डोक्यावर एक लाल मूठ बसवली. त्या मुठीवर पाचचा आकडा आहे. बोटीने आणि रेल्वेने प्रवास करून मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका क्लबात पोचलो. तिथे हिवाळा इतका लांब असतो की माणसांना दगड ढकलण्यातही करमणूक वाटते.

खेळ असा आहे. बर्फाच्या लांब पट्टीवर एका टोकाकडून मला सोडतात. दुसऱ्या टोकाला वर्तुळे रंगवलेली असतात, त्यांना घर म्हणतात. ज्याचा दगड घराच्या मध्याजवळ, त्याला गुण. सोडताना मुठीला हलकी फिरकी देतात, म्हणून मी वाटेत वळतो. मी निघालो की दोन माणसे ब्रशने माझ्यापुढचा बर्फ घासत धावतात. त्याने मी थोडा लांब जातो, हे खरे आहे. कर्णधार समोरच्या टोकाला उभा राहून माझ्यावर ओरडतो. ओरडल्याने दगड लांब जातो याचा पुरावा मला अजून मिळालेला नाही.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मात्र पक्की कळली. दगड नेमका जागेवर थांबला तर तो माणसाचा हात असतो. चुकला तर दगड असतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही तुमची म्हण या लोकांना ठाऊक नाही, पण ती ते रोज जगतात.

मला तुमची भाषा कशी येते, असे तुम्ही विचाराल. त्याला कारण प्रल्हाद खानझोडे. नागपूरहून शिकायला आलेला हा मुलगा एका हिवाळ्यात मित्रांबरोबर क्लबात आला, बर्फावर तीनदा आपटला आणि तरीही दुसऱ्या आठवड्यात परत आला. पुढे त्याला नोकरी लागली, लग्न झाले, नागरिकत्व मिळाले, केस पांढरे झाले. क्लब त्याने सोडला नाही. मला सोडण्याआधी तो खाली वाकून पुटपुटायचा, "चल बाबा, सरळ जा." दगडाशी बोलणारा माणूस शहाणा नसतो. पण तो मला दर वेळी उलटे करून कडा पुसायचा, म्हणून त्याचे बोलणे मी ऐकून घेत असे.

माझा एक जोडीदार होता, सहा नंबरचा. एकदा वसंतात कोणीतरी त्याला वितळलेल्या पाण्यात तसेच सोडले. पाणी आत मुरले, पुढच्या थंडीत गोठले आणि त्याच्या कडेचा टवका उडाला. एवढ्यावर त्याचे आयुष्य संपले. प्रल्हादनेच त्याला उचलून क्लबाच्या दाराशी ठेवले. आता तो दार वाऱ्याने आपटू नये म्हणून बसलेला असतो आणि लोक त्याच्यावर बुटांचा बर्फ झटकतात.

मग ती स्पर्धा आली. पन्नाशी ओलांडलेल्यांची, देशादेशांच्या संघांची. विमानतळावर बूट काढायला लावण्याचा नियम तेव्हा नवा होता आणि सगळे संघ त्याच एका विषयावर कुरकुरत नॉर्थ डकोटातल्या त्या गावात उतरले. आमच्या क्लबाचे दगड तिथे उसने नेले होते. उद्घाटनाला झेंडे होते, बॅगपाइप होती. पाठीवर देशाचे नाव आणि गुडघ्याला पट्टा, असा सगळ्यांचा गणवेश होता. आपण देशाचे प्रतिनिधी आहोत असे प्रत्येकाला वाटत होते. देशांना याची कितपत कल्पना होती, ते मी सांगू शकत नाही.

दोष देण्याची मात्र प्रत्येकाची रीत वेगळी. स्वीडनचे खेळाडू मला मुकाट्याने उलटे करत, तळव्याने चाचपत आणि एकमेकांकडे बघत. स्कॉटलंडचा एक गृहस्थ म्हणाला की आमच्याकडे असे दगड कुंपणाला लावतात. मी त्याच्याच देशाचा आहे हे त्याच्या लक्षात आले नाही. कॅनडाच्या एकाने आधी दगडाला, मग बर्फाला आणि शेवटी हॉटेलच्या गादीला दोष दिला. हाताचे नाव कोणी काढले नाही.

अमेरिकेच्या संघात प्रल्हाद होता. तीस वर्षे वाट पाहून त्याला ते जॅकेट मिळाले होते. नागपूरला त्याच्या भावाने पेढे वाटले होते. खेळ कोणता, हे त्याला अखेरपर्यंत सांगता आले नाही म्हणे. प्रल्हाद पहिला खेळाडू, म्हणजे प्रत्येक डावात संघाचे पहिले दोन दगड त्याने टाकायचे. त्यातला एक मी. पहिल्याच सामन्यात त्याने माझी मूठ धरली आणि मला काहीतरी नवे जाणवले. त्याचे अनामिकेचे बोट मुठीवर दाबत होते आणि सुटत होते, सेकंदाला चार-पाच वेळा. बाकीचा हात स्थिर होता. ते थंडीने नव्हते. थंडीत सगळी बोटे कापतात.

सोडण्याच्या क्षणी त्या बोटाने मुठीला उलटा हिसका दिला. मी डळमळत निघालो आणि घरापासून बराच अलीकडे, भलत्याच बाजूला थांबलो. पुढच्या वेळीही तेच झाले. दुसऱ्या पट्टीवर वेगळ्या दगडांशी सामना झाला तेव्हा त्याचे ते दगडही चुकले. तेव्हा बर्फ मऊ आहे असे ठरले. परत माझ्या पट्टीवर आले की पुन्हा मी वाईट.

"पाच नंबर काही खरा नाही," कर्णधार डेल म्हणाला. डेल हा त्याचा वीस वर्षांचा दोस्त, उंच, लाल चेहऱ्याचा. "स्वीडनवालेही बोलत होते. प्राल, तुझा काही दोष नाही."

तिथे सगळे त्याला प्राल म्हणत. प्रल्हादने होकारार्थी मान हलवली. त्याला माझी कडा पाठ होती. मी खोटा नाही हे या इमारतीत त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

यालाच माणसे मैत्री म्हणतात. एकाने दोष उचलायचा आणि तिसऱ्याच्या गळ्यात बांधायचा. दुसऱ्याने आभार मानायचे.

सामना हरल्यावर तो पट्टीच्या टोकाशी, कठड्याला टेकून उभा राहिला. पलीकडे त्याची बायको शरयू होती आणि शरयूचा भाचा यतीन. यतीन तिथून बारा-तेरा तासांवरच्या नेपरव्हिल गावी असतो, पुण्याहून कंपनीने पाठवलेला. एवढे अंतर गाडी चालवत आला होता आणि आल्याबरोबर तज्ज्ञ झाला होता.

"काका, सिरियसली, तो पाच नंबर डिफेक्टिव्ह आहे," यतीन म्हणाला. "मी वरून बघत होतो ना. बाकीचे सरळ जातात, हा एकटाच भटकतो. रिप्लेस करायला सांगा. आमच्याकडे सर्व्हरचा पार्ट असा वागला तर आम्ही सकाळीच काढून टाकतो."

"आणि दुपारी कळतं की प्लगच लावला नव्हता," शरयू म्हणाली.

"मावशी, तू नक्की कोणाच्या टीममध्ये आहेस?"

"मी शर्टाच्या बटणांच्या टीममध्ये आहे. रोज सकाळी मीच लावते."

"शरयू," प्रल्हाद हळूच म्हणाला.

यतीनने दोघांकडे पाहिले. "कसली बटणं?"

"काही नाही. कॉफी घेऊन ये. काकांचा कप अर्धाच भर."

"अर्धाच का?"

"पूर्ण भरला की कप डिफेक्टिव्ह निघतो."

यतीन गेला. माणसांमध्ये पुरावा समोर ठेवूनही काही उजेड पडत नाही, याचे हे चांगले उदाहरण. शरयू कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"डॉक्टरची अपॉइंटमेंट दोनदा कॅन्सल केलीत," ती म्हणाली.

"स्पर्धा होऊ दे."

"डॉक्टरचं राहू दे. तो वेन आठवडाभर जॅकेट घालून बसलाय. पाण्याच्या बाटल्या सांभाळतोय बिचारा. त्याला कधी सांगणार?"

वेन म्हणजे संघाचा पाचवा, राखीव खेळाडू. कोणी दुखावले तरच खेळायचे, नाहीतर बसायचे.

"डेल कॅप्टन आहे. डेल ठरवेल."

"डेल दगडाला दोषी ठरवतोय."

प्रल्हादने उजवा हात खिशात घातला. "आता बसलो तर पुन्हा नाही, शरयू. तुला माहितेय ना? हा हात घेऊन पुढच्या वर्षी कोण घेणार मला?"

"माहितेय," ती म्हणाली. "म्हणून तर मी डेलला जाऊन सांगितलं नाही. ते तुम्हीच सांगायचं."

दुसऱ्या दिवशीच्या सामन्यावर सगळे अवलंबून होते. जिंकले तर उपांत्य फेरी, हरले तर घरी परत. सामन्याआधी बर्फाची देखरेख करणारा गस एका ढकलगाडीवर राखीव दगड घेऊन आला. त्याच्या हातात सँडपेपर होता. डेलने रीतसर तक्रार केली होती. मला बाहेर काढायचे, माझी कडा खरवडायची, जमले तर ठीक, नाहीतर कायमचे बाजूला. कडा एकदा खरवडली की पूर्वीची राहत नाही. माझी जागा कुठे असेल ते मला माहीत होते. क्लबाला दुसरेही एक दार आहे.

मित्रांनो, इथे तुमच्याकडे काही मागायचे तर मागून घेतो. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण दगडही झिजतो. वापरून झाला की त्याला पुसा. पाण्यात टाकून जाऊ नका. आणि तुमच्या हातून जे सुटले ते तुमच्याच हातून सुटले, एवढे लक्षात ठेवा. कोणी ऐकेल अशी मला आशा नाही. सांगायची रीत आहे म्हणून सांगितले.

"आधी एकदा मीच टाकून बघतो," डेल म्हणाला. त्याने माझी मूठ धरली, वाकला आणि मला सोडले. मी गेलो, हवा तेवढा वळलो आणि घराच्या मधोमध थांबलो.

एखाद्या प्रयोगशाळेत एवढ्यावर निकाल लागला असता. डेलने नाक खाजवले.

"सकाळी बर्फ कडक असतो," तो म्हणाला. "म्हणून गेला. गस, काढ याला."

"असं नाही चालत," गस म्हणाला. "जो टाकतो त्याने सांगायचं. आपल्याकडे तीच पद्धत आहे. प्राल, दगड तुझा. काढू का?"

मला परत आणून प्रल्हादच्या पायाशी ठेवले होते. तो खाली वाकला. त्याने मला उलटे केले, कडेवरून अंगठा सगळीकडे फिरवला. त्याचे अनामिकेचे बोट माझ्या पोटावर टकटक करत होते. हो म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता. डेल त्याच्याकडे बघून मान हलवत होता, जणू स्वतःच ते हो म्हणत होता. मला प्रल्हादकडून काही अपेक्षा नव्हती. माणसांकडून अपेक्षा ठेवणे मी तो क्लबात येण्याच्याही आधी सोडले आहे.

कठड्याशी वेन बाटल्या ओळीने लावत होता. वरच्या बाकावर यतीन शरयूला काहीतरी समजावत होता आणि ती त्याचे ऐकत नव्हती.

"प्राल?" गस म्हणाला. "वेळ होतेय."

प्रल्हादने मला सरळ केले, हळूच खाली ठेवले आणि उठून उभा राहिला. उठताना त्याने उजवा हात खिशात घातला नाही. तो त्याने डेलसमोर धरला. डेलने तो हात पाहिला, मग बर्फाकडे पाहिले, मग पुन्हा हाताकडे.

"दगड चांगला आहे, डेल," प्रल्हाद म्हणाला. "वेनला बूट घालायला सांग."